विहीणबाई, मी आणि कार्टरांची वंशावळ

नातवाला शाळेतून घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितला, तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्या बाजूचं काम तासाभरात उरकलं. नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीतल्या पानांचे फोटो दिरांनी पाठवले आणि सहा पिढ्या जागच्या जागी बसल्या. बायकांची नावं कुठे आहेत, कुठे नाहीत, पण ते चालायचंच. दुसरी बाजू सुनेची. ती इथलीच, व्हर्जिनियातली. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, शांतपणे म्हणाल्या, "आम्ही किंग कार्टरचे."

म्हणजे कुणाचे, ते मला कळलं नाही. मुलाने सांगितलं. रॉबर्ट कार्टर हा इंग्रजांच्या अमलातल्या व्हर्जिनियातला तंबाखूवाला जमीनदार. इतका गडगंज की लोक त्याला राजाच म्हणत. १७३२ साली वारला तेव्हा त्याच्याकडे सुमारे ३,००,००० एकर जमीन, हजारेक गुलाम आणि १०,००० पौंड रोख होते. जमिनीचा हिशेब मी लगेच मांडला: मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात, त्याच्या दुप्पट. कोकणातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात ३१ वर्षं दस्त नोंदवण्यात गेली माझी. एवढी मिळकत एका नावावर दिसली की मला पहिला प्रश्न पडतो, कागद कुठे आहेत?

विहीणबाईंकडे कागद एकच, घरच्या जुन्या बायबलचं पहिलं पान. त्यावर एका पूर्वज बाईच्या नावापुढे 'कार्टर, हॅनोवर' एवढंच. "चला, बघून येऊ," म्हणाल्या. वय ७१, गाडी स्वतः चालवतात. जून महिना होता. निघताना सुनेने एक छापील चळत माझ्या पिशवीत कोंबली. "हेही कार्टरांचंच आहे. तुमच्या खात्यातलं." मी ती तीन दिवस उघडलीसुद्धा नाही.

दिवस पहिला: रिचमंड

मुलाच्या गावाहून, अ‍ॅशबर्नहून, रिचमंडला जाणारा ९५ नंबरचा महामार्ग म्हणजे आपला मुंबई-गोवा, फक्त खड्डे नाहीत. मुक्काम राज्याच्या ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात. फुकट आहे आणि कुणालाही बसू देतात, अगदी पर्यटक व्हिसावर आलेल्या मलाही. ओळखपत्र दाखवायचं, पिशव्या बाहेर ठेवायच्या, आत फक्त पेन्सिल. पेन्सिलीचा नियम मला फार आवडला. आमच्या कार्यालयात असता तर निम्म्या खाडाखोडी वाचल्या असत्या.

हॅनोवरचं नाव काढताच काउंटरवरच्या बाईंचा चेहरा जरा पडला. अशा चेहऱ्याने त्या दिवसातून दहा जणांना तरी हेच सांगत असाव्यात. यादवी युद्धात हॅनोवर काउंटीने, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याने, आपली बहुतेक कोर्टदप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून राजधानीत, म्हणजे रिचमंडला पाठवली. एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शहर सोडताना आगी लावल्या आणि सुरक्षित ठेवलेलं ते दप्तर जळून गेलं. घरी ठेवलं असतं तर कदाचित राहिलं असतं. इथे अशा काउंट्यांना 'जळालेल्या काउंट्या' असंच म्हणतात.

म्हणजे विहीणबाईंची कडी पहिल्याच दिवशी तुटली. बायबलातल्या बाईंच्या आईवडिलांचा कागद हॅनोवरलाच असणार, आणि हॅनोवर तर राख. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खोल्या तर आरक्षित केल्यात. वरून खाली येऊ." म्हणजे राजापासून सुरुवात करायची आणि कुठवर येतं ते पाहायचं.

दुपारभर छापील वंशावळी चाळल्या. वरची माणसं कागदावर अगदी ठळक आहेत. रॉबर्टचे वडील जॉन कार्टर १६३५मध्ये इंग्लंडहून आले. रॉबर्टला दोन बायकांपासून पंधरा मुलं. पण नावं तीच तीच. रॉबर्टचा मुलगा रॉबर्ट, त्याचाही मुलगा रॉबर्ट. जॉनचा चार्ल्स, आणि काका चार्ल्स वेगळाच. मग ओळखायचं कसं? घरावरून. शर्लीचे चार्ल्स, क्लीव्हचे चार्ल्स, नॉमिनीचे रॉबर्ट. अगदी आपल्याकडच्या वरच्या आळीतले आणि खालच्या आळीतले दामले असावेत तसं. हे कळलं आणि माझं डोकं ताळ्यावर आलं.

कुणाला हा उद्योग करायचा असेल तर एक सांगते. १७५२ आधीच्या तारखा जपून वाचा. तोवर इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखेला १७३१/३२ अशी जोड वर्षं दिसतात. ती चूक नसते. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मही असाच, जुन्या पंचांगाने ११ फेब्रुवारी १७३१/३२. बारसं लग्नाच्या आधीचं दिसलं तर लगेच भुवया उंचावू नका, आधी पंचांग बघा.

दिवस दुसरा: शर्ली आणि बर्कली

रिचमंडहून जेम्स नदीच्या कडेने ५ नंबरचा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना गर्द झाडी आणि हवेत अगदी आमच्या मृगाआधीचा कोंदटपणा. विहीणबाई सारख्या "किती दमट" म्हणत होत्या. मला घरी आल्यासारखं वाटत होतं.

शर्लीचं घर १७२३ ते १७३८ या काळात उभं राहिलं. किंग कार्टरचा थोरला जॉन आणि हिल घराण्यातली एलिझाबेथ यांच्या लग्नातून ही गादी चालू झाली. आजही त्यांचेच वंशज वरच्या मजल्यांवर राहतात, खालचा मजला तेवढा पाहुण्यांना दाखवतात. दिवाणखान्याच्या मध्यातून लाकडी जिना तीन मजले वर जातो आणि त्याला खालून आधार कुठेच दिसत नाही. मी कठड्याला हात लावायला गेले तर मार्गदर्शक मुलीने हळूच मान हलवली.

याच घरात १७७३ साली अ‍ॅन हिल कार्टर जन्मली आणि याच घरात तिचं लग्न झालं. तिचा मुलगा म्हणजे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली. नदीकाठाने थोडं पुढे बर्कली लागतं. तिथे किंग कार्टरची मुलगी अ‍ॅन दिलेली. बाजूच्या दारावरच्या दगडात १७२६ साल आणि नवराबायको दोघांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. बायकोचं अक्षर दारावर! मी फोटो काढून तडक दिरांना पाठवला. हिचा मुलगा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा बेंजामिन हॅरिसन. नातू आणि नातवाचा नातू, दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले. मुलींकडून वाढलेला हा वंश पाहून विहीणबाई जरा ताठ बसायला लागल्या.

शर्लीच्या अंगणात समोरासमोर विटांच्या इमारती आहेत. स्वयंपाकघर, धुणंघर, कोठार. राबणारी माणसं इथली. घरातल्या फेरीला जेवढा वेळ दिलात तेवढाच या अंगणाला द्या. बहुतेक लोक थेट मोटारीकडे वळतात.

दिवस तिसरा: विल्यम्सबर्ग, आणि तो पूल

विल्यम्सबर्गबद्दल फार लिहीत नाही. जुन्या राजधानीचं गाव जपून ठेवलंय, गर्दी भरपूर. गव्हर्नरच्या वाड्याशेजारी रॉबर्ट कार्टर हाऊस आहे, ते नॉमिनीच्या रॉबर्टचं, किंगच्या नातवाचं. गावाबाहेरचं कार्टर्स ग्रोव्ह आता खाजगी आहे, बघायला मिळत नाही. उगाच पेट्रोल जाळू नका.

जेवायला शेंगदाण्याचं सूप मागवलं. विहीणबाईंच्या मते व्हर्जिनियाची शान. एक चमचा घेतला आणि हसूच आलं. आपली उपासाची दाण्याची आमटी, फक्त मिरचीऐवजी साय घातलेली. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी उपास म्हणजे काय विचारलं, आणि उपासाला चालणाऱ्या पदार्थांची यादी ऐकून म्हणाल्या, "मग उपास कशाचा करता?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी रॅपाहॅनॉक नदी ओलांडून नॉर्दर्न नेकमध्ये शिरलो. दोन नद्यांच्या मधलं हे जमिनीचं लांबडं बोट. पूल जवळजवळ दोन मैल लांब, उंच, अरुंद, आणि कडेला थांबायला वीतभरही जागा नाही. विहीणबाईंनी रेडिओ बंद केला. मी रामरक्षा म्हटली. पलीकडे गेल्यावर दोघींनी एकदमच श्वास सोडला.

रात्री कालवं. रॅपाहॅनॉकची कालवं या भागात नावाजलेली. शिंपल्यात कच्चीच, वर लिंबू. आमच्याकडे ती सुरीने फोडून कांद्यावर परततात, कच्ची खायची हिंमत मी आयुष्यात पहिल्यांदा केली. सहा खाल्ली. सातव्याला लिंबाबरोबर मनातल्या मनात आलं-लसूण लावत होते.

दिवस चौथा: क्राइस्ट चर्च, लँकेस्टर आणि ती चळत

अर्विंग्टनजवळ झाडीत हे विटांचं चर्च उभं आहे. १७३५ साली पुरं झालं, आराखडा क्रुसाचा, भिंती हातभर जाड. किंग कार्टरने ते स्वखर्चाने बांधायचं ठरवलं, अट एकच: जागा हलवायची नाही. कारण त्याच्या वडिलांनी बांधलेल्या आधीच्या चर्चच्या जागी आईवडिलांची थडगी होती. बांधून पुरं होण्याआधीच तो गेला.

आत थंड आणि स्तब्ध. बसायला बाकं नाहीत, छातीएवढ्या उंच लाकडी भिंतींचे चौकोनी कप्पे आहेत. आत बसलं की शेजारचं कुणी दिसत नाही, दिसतो तो फक्त उंचावरचा धर्मोपदेशक. वेदीपाशी जमिनीत जॉन कार्टरची शिळा आहे, मृत्यू १६६९. त्याच शिळेवर त्याच्याआधी गेलेल्या बायकांची नावं क्रमाने, बहुतेकींच्या बापाच्या नावासकट. मी खाली बसून एकेक अक्षर लावत होते. पाचवी बायको त्याच्यामागे राहिली, म्हणून ती शिळेवर नाही.

बाहेर पूर्वेच्या भिंतीशी किंग कार्टर आणि त्याच्या दोन बायका, तीन मोठाली कोरीव थडगी. लॅटिन मजकूर लांबलचक. विहीणबाई बराच वेळ दगडावर हात ठेवून उभ्या होत्या. मी लांबच थांबले.

तिथून लँकेस्टर कोर्टहाऊस. ही काउंटी जळाली नाही. १६५०च्या दशकापासूनचं दप्तर जागेवर आहे, आणि शेजारीच मेरी बॉल वॉशिंग्टन संग्रहालयाचं वंशावळींचं छोटं ग्रंथालयही आहे. गावातल्या कचेरीत गेल्यावर काम कसं करायचं ते मला कुणी शिकवायला नको होतं. आधी नावांची सूची, मग वही, मग पान. जमिनीचे कागद बघता बघता एक गंमत दिसली. किंग कार्टर हा लॉर्ड फेअरफॅक्स घराण्याचा इथला मुखत्यार होता, म्हणजे लोकांना जमिनी वाटून देण्याचा अधिकार त्याचा. आणि मोठमोठे तुकडे गेले कुणाला? मुलांना, जावयांना, नातवंडांना. सज्ञान की अज्ञान याचीही फिकीर नाही. मी हसले. विहीणबाईंनी का म्हणून विचारलं, तेव्हा म्हटलं, "काही नाही, आमच्याकडेही असे अधिकारी असतात."

पुढचं पान मात्र हसण्याजोगं नव्हतं. कोर्टाच्या हुकुमांतली १७०८ची नोंद. बंबारा हॅरी आणि डायना हे दोन गुलाम सुधारत नाहीत म्हणून त्यांच्या पायांची बोटं तोडायची परवानगी रॉबर्ट कार्टरने मागितली, आणि कोर्टाने दिली. १७०५चा कायदाच तसा होता, कोर्टाचा हुकूम आणला की झालं. मजकूर जेमतेम काही ओळींचा. आमच्या कार्यालयात विहीर दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज याहून लांब असतो. विहीणबाईंनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसायला लागल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "थडग्यावर हे लिहिलेलं नव्हतं."

त्या रात्री खोलीतलं वातानुकूलन यंत्र बंद पडलं. मॅनेजरने एक टेबलफॅन आणून दिला आणि अंतर्धान पावला. आम्ही खुर्च्या बाहेर ओढल्या. गवतावर काजवे चमकत होते, आमच्याकडे मृगाच्या तोंडावर झाडंच्या झाडं लखलखतात तसे नाही, एकेकटे, जमिनीलगत. तेव्हा कुठे सुनेने दिलेली चळत काढली.

मथळा वाचला आणि ताठ बसले. डीड ऑफ गिफ्ट. बक्षीसपत्र! तारीख १ ऑगस्ट १७९१. लिहून देणार: नॉमिनी हॉलचा रॉबर्ट कार्टर, किंगचा नातू. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते. मी आयुष्यात बक्षीसपत्रं किती नोंदवली याची मोजदाद नाही. त्यात लिहून देणार असतो, लिहून घेणार असतो, आणि मधे मिळकतीचं वर्णन, चतुःसीमांसकट. या दस्तात ४५०हून जास्त माणसांची नावं आहेत. मी सवयीने दोन रकाने शोधायला लागले, मिळकत कुठे आणि घेणार कुठे. दोन्ही ठिकाणी तीच नावं. माणसाला त्याचं तेच बक्षीस दिलेलं. मी पान उलटून परत पहिल्यापासून वाचलं.

यादी शेतवार लावलेली, आणि शेतांना नावं राशींची! वृषभ, मिथुन, कर्क, सिंह, कन्या, तूळ. प्रत्येक शेताखाली माणसं, आणि नावापुढे वय. विहीणबाई म्हणाल्या, वय लिहिलं हे किती आपुलकीचं. मला तसं वाटलं नाही. वय लिहिलेलं असतं तेव्हा त्यामागे कायद्याची अट असते. चळतीतच पुढे ती सापडली. १७८२च्या कायद्याने मालकाला गुलाम मुक्त करायची मुभा दिली, पण ४५च्या वरचे आणि अज्ञान मुलं यांच्या पोटापाण्याची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. म्हणून वयाचा रकाना. म्हणूनच टप्पेही: दर जानेवारीत पंधरा जण, पहिली खेप १७९२च्या जानेवारीत. मुलगे २१व्या वर्षी सुटणार, मुली १८व्या. माणूस भला असेल, पण दस्त कुणा जाणत्याने लिहिला होता. पुढे वारसांना तो मोडता आला नाही, यातच आलं.

पूर्वज शोधणाऱ्या आफ्रिकन अमेरिकन लोकांची वाट बहुधा १८७० सालाशी अडते. त्या वर्षीच्या जनगणनेत गुलामीतून सुटलेल्यांची नावं पहिल्यांदा आली. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं, खाली नुसतं वय, स्त्री की पुरुष, आणि रंग. अशा वेळी १७९१ची नाववार, वयवार यादी म्हणजे केवढं घबाड. कुणी या भागातले पूर्वज शोधत असेल तर सुरुवात याच दस्तापासून करावी.

दिवस पाचवा: नॉमिनी, आणि घराजवळचं ओटलँड्स

सकाळी वेस्टमोरलँड काउंटीत मॉन्ट्रॉसच्या बाजूला निघालो. नॉमिनी हॉल १८५०मध्येच जळालं. आता तिथे खाजगी घर आहे, तेव्हा आत जायचा हट्ट धरू नका. आम्ही रस्त्याच्या कडेलाच थांबलो. मक्याचं शेत, वर एक घार. गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातला हा माणूस १७७८मध्ये बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात गेला. जिथे त्याचेच गुलाम प्रार्थनेला बसत, तिथे तोही बसायला लागला. बक्षीसपत्रानंतर शेजारीपाजारी आणि घरचेही बिनसले. शेवटी तो बाल्टिमोरला निघून गेला आणि उरलेलं काम पुरं करायला बेंजामिन डॉसन नावाच्या बाप्टिस्ट प्रचारकाला मुखत्यार नेमलं. १८०४ साली गेल्यावर नॉमिनीच्या बागेत पुरला, त्यावर दगड नाही. आजोबांची तीन थडगी आदल्याच दिवशी पाहून आलो होतो.

परतीच्या वाटेवर मॉन्ट्रॉसच्या पुढे हॅम बिस्किटं खाल्ली, म्हणजे विहीणबाईंनी. मी खारट लोणच्याची काकडी आणि चहा. चहा बर्फाचा आणि पाकासारखा गोड. गरम मागितला तर कपात कोमट पाणी आणि बाजूला पिशवी.

लीसबर्गजवळचं ओटलँड्स घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर. मुलाकडे चार वेळा येऊन गेले, एकदाही गेले नव्हते. जॉर्ज कार्टरने १८०४मध्ये हे घर बांधायला घेतलं. पुढे उंच खांब, खाली उतरत गेलेली पायऱ्यापायऱ्यांची बाग, १८१०चं ग्रीनहाऊस. हा जॉर्ज कोण? नॉमिनीच्या रॉबर्टचा मुलगा. बापाने ४५०हून जास्त माणसं सोडली. मुलाने नवीन जमवली. १८६०पर्यंत अख्ख्या लाउडन काउंटीत सर्वांत जास्त गुलाम या घराकडे होते. (हिवाळ्यात ओटलँड्स पाहुण्यांना बंद असतं. जाण्याआधी विचारून घ्या. बाग चालायला तासभर हवा, उतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी.)

बागेतल्या बाकावर विहीणबाईंनी नातवाचा तक्ता उघडला. हॅनोवरच्या बाईंच्या वरची चौकट पाच दिवस कोरीच राहिली होती. मी म्हटलं, "तुम्ही लिहिलंत तरी कोण विचारतंय?" त्यांनी ग्रंथालयातली पेन्सिल काढली, चौकटीत 'कार्टर?' लिहिलं आणि खालची रेघ तुटक काढली. म्हणाल्या, "हे तुमच्याकडूनच शिकले."

घरी आलो तेव्हा नातवाने आधी माझी पिशवी उचकटली. खाऊच्या आशेने. हाती लागली ती चळत. "आज्जी, यात लिओ लिहिलंय! ही माझी रास." मी म्हटलं, ते शेताचं नाव आहे, आणि खालची ती तिथली माणसं. तो जमिनीवर पालथा पडला आणि नावापुढच्या आकड्यांवरून बोट खाली खाली नेत नऊचा आकडा शोधायला लागला.